डॉक, माझा पाय कुठे गेला?

आमच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोत बाळकाकांची ती गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस सापडणं कठीण. पुण्याहून किंवा नागपूरहून कुणी नवीन आलं, त्यांचं सामान अजून खोक्यांत असलं, तरी पहिल्याच पॉटलकला काका त्यांना गाठायचे आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटाकडे न्यायचे. कपाटात वरच्या फळीवर गणपती, मधल्या फळीवर रेखाकाकूंची चांदीची भांडी आणि खालच्या फळीवर सही केलेला एक तपकिरी, लांबुळका अमेरिकन फुटबॉल. मग गोष्ट सुरू. मी ती निदान तीस वेळा ऐकली असेन. दर वेळी सगळ्यांत मोठ्याने हसणारी मीच, हे आधीच कबूल करून टाकते.

डॉ. बाळ देवपुजारी, वय सत्त्याहत्तर, भूलतज्ज्ञ, आता रिटायर्ड. ते माझे कुणी नातेवाईक नाहीत. आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात आणि आम्ही दोघंही नागपूरचे, एवढंच. काका धंतोलीत वाढले, मेडिकलला शिकले, चौऱ्याहत्तर साली एक सूटकेस घेऊन इथे आले. पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं मिडवेस्टमधल्या एका बर्फाळ शहरात लोकांना भूल देण्यात गेली. रिटायर झाल्यावर थंडीला कंटाळून टेक्सासला आले.

माणूस अतिशय सज्जन. कुणाच्या आईला चक्कर आली, कुणाच्या बाळाचा ताप उतरेना, की रात्री-अपरात्री काकांनाच फोन. कधी चिडले नाहीत, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. त्यांची तक्रार एकच, आणि तीही हसत हसत. "हार्टवाल्या डॉक्टरला लोक ख्रिसमसला केक पाठवतात. मला कोण पाठवणार? मी समोर आलो की मिनिटभरात पेशंट झोपतो. उठल्यावर त्याला माझं तोंडसुद्धा आठवत नाही." मी यावर त्यांची भरपूर चेष्टा करायचे. त्या हसण्याखाली काहीतरी खुपतंय, हे मला दिसायला हवं होतं. नाही दिसलं.

आता ती गोष्ट. काकांच्या हॉस्पिटलातला एक बडा सर्जन तिथल्या फुटबॉल टीमचाही डॉक्टर होता. टीमचं नाव काका कधी घेत नसत, म्हणून मीही घेत नाही. काकांचा हात इतका हलका, की सर्जनने त्यांना रविवारी स्टेडियमवर बोलवायला सुरुवात केली. खेळाडूचं काही दुखत असलं की मॅचआधी तेवढा भाग बधिर करायचा, एवढंच काम. तिथे लामॉन्ट थ्रॅशर होता. बॉल काखेत धरून समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसणारा, सव्वादोनशे पाउंडांचा गडी. सीझनची शेवटची मॅच. सीझनभरात हजार यार्ड पळून झाले की दोन मिलियन डॉलर बोनस, असं त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं. गडी नऊशे एकसष्टवर अडकलेला आणि उजवं पाऊल सुजलेलं.

इथे काका चप्पल काढायचे. "मी म्हटलं, यू विल नॉट फील अ थिंग. घोट्याभोवती पाच ठिकाणी टोचलं. दहा मिनिटांनी तो उठला." मग काका कार्पेटवर उजवा पाय तीनदा दाणदाण आपटायचे आणि छाती फुगवून, आवाज जाड करून ओरडायचे, "डॉक! माझा पाय कुठे गेला? मघाशी तर इथेच होता!" सगळे हसून लोटपोट. "आणि त्या दिवशी पठ्ठ्या चौऱ्याहत्तर यार्ड पळाला!" काका कपाटाच्या काचेवर टिचकी मारायचे. माझी अनिका चौदा वर्षांची. तिला मराठीत शंभरापर्यंत आकडे येत नाहीत, पण ही गोष्ट हावभावांसकट येते. मीच शिकवली.

थ्रॅशर पुढे रिटायर झाला आणि त्याचं तोंड सुटलं. त्याचा यूट्यूबवर दर रविवारी दुपारी लाइव्ह शो असतो आणि लाखो लोक तो बघतात. टीमचे मालक, कोच, एजंट, कुणालाही तो सोडत नाही. काका तो शो न चुकता बघायचे. "बोलतो बघ कसा, कुणाच्या बापाला भीत नाही," असं कौतुकाने म्हणायचे. गेल्या महिन्यात त्या शोमधून काकांना फोन आला. पुढच्या रविवारी लामॉन्ट तुमच्याबद्दल बोलणार आहे, नावाचा उच्चार सांगा, आणि वाटलं तर शो चालू असताना या नंबरवर फोन करून बोला.

काकांनी लगेच मला फोन केला. "आसावरी, अगं त्याला मी आठवतो!"

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी कुठली थांबते! मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, रविवारी दुपारी तीन वाजता काकांकडे सगळ्यांनी जमायचं, बटाटेवडे माझ्याकडून. वीस-बावीस जण आले. काकांनी लग्नाबिग्नाला घालतात तो कोट घातला होता. खिशात एक कार्ड. त्यावर थ्रॅशरचे आभार मानायची चार वाक्यं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. रेखाकाकू तेवढ्या गप्प होत्या. मला वाटलं, वड्यांचा वास घरभर झाला म्हणून रागावल्या असतील.

शो सुरू झाला. टेबलामागे थ्रॅशर, टक्कल, पांढरी दाढी, तोच दणदणीत आवाज. इंग्रजीतच बोलत होता, मी मराठीत सांगते. आधी पैशांवर आला. "लोकांना वाटतं, रिटायर्ड खेळाडू म्हणजे दिवाळं. घर विकलं, चॅम्पियनशिपची अंगठी विकली, चार बायका पोटगी मागतायत. माझं तसं नाही. अकरा सीझन खेळलो, चोपन्न मिलियन कमावले. आईला घर घेतलं. पंधरा कार वॉश आहेत, दोन ट्रक डीलरशिप आहेत. आज माझ्याकडे ऐंशी मिलियन आहेत. तेव्हा मी आता जे सांगणार आहे, ते कुणाकडून पैसे उकळायला सांगत नाहीये." आमच्या हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी वाजवली.

मग तो म्हणाला, "माझ्या टीममध्ये एक डॉक्टर होता. इंडियन. बुटका, शांत, सोन्यासारखे हात. डॉक्टर देवपुजारी." उच्चार अगदी बरोबर केला. हॉलमध्ये टाळ्या. काकांचे डोळे भरून आले. "शेवटच्या मॅचला त्याने माझ्या पायात सुया टोचल्या. मी उभा राहिलो, पाय आपटला आणि म्हटलं..."

अनिका आणि तिच्या मैत्रिणी उठून त्याच्याबरोबरच ओरडल्या, "डॉक! माझा पाय कुठे गेला?"

टीव्हीवर थ्रॅशर हसत नव्हता. "मोडलेल्या हाडावर चौऱ्याहत्तर यार्ड पळालो. मला काहीच कळलं नाही. बोनस मिळाला. ते हाड त्यानंतर कधी जुळलंच नाही. बारा वर्षांत सहा ऑपरेशनं झाली, मग इन्फेक्शन. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही." त्याने खुर्ची मागे घेतली आणि उजवा पाय उचलून टेबलावर ठेवला. पँट वर सारली. गुडघ्याखाली काळा दांडा आणि त्याला बूट घातलेलं प्लॅस्टिकचं पाऊल. "ऐंशी मिलियन डॉलर आणि एक पाय. हा माझा हिशोब."

माझ्या हातात वड्यांचं ताट होतं. ते मी कुठे ठेवलं ते मला आजही आठवत नाही. सात वर्षं ज्या वाक्यावर आपण पोट धरून हसलो, ते वाक्य या माणसाच्या तोंडून असं ऐकायला लागेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अनिका रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला नजर देण्याची माझी हिंमत झाली नाही.

थ्रॅशर पुढे बोलतच होता. "हाड मोडल्याचा एक्स-रे मॅचआधीच काढलेला होता. तो मला पाच वर्षांनी दाखवला. टीमच्या डॉक्टरला माहीत होतं, तो आता मेला. कोचला माहीत होतं, तो कबूल करत नाही. सुईवाल्या डॉक्टरचं मात्र मला माहीत नाही. कदाचित त्याला फक्त 'टोच' म्हणून सांगितलं असेल. तसं असेल तर मी त्याच्याशी हात मिळवीन, माझं काही म्हणणं नाही. डॉक, तू ऐकत असशील तर नंबर तुझ्याकडे आहे."

सगळे काकांकडे वळले. मी पहिली बोलले, नेहमीसारखी. "काका, तुम्हाला कुठे काय माहीत होतं! सांगून टाका त्याला. आत्ताच्या आत्ता सांगा!" मला खरोखर तसंच वाटत होतं. हा माणूस मुंगी मारत नाही. एक वाक्य बोलायचं, नाव स्वच्छ करायचं, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्या टीमला शिव्या घालायच्या.

काकांनी खिशातून फोन काढला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून रेखाकाकू हळूच म्हणाल्या, "अहो, नका करू फोन."

त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं दर पॉटलकला त्या गोष्टीच्या वेळी काकू आत चहा टाकायला का जायच्या, ते मला त्या क्षणी कळलं.

काकांनी फोन लावला. आता एक सांगायला हवं. लाइव्ह म्हणतात, पण स्टुडिओतलं आमच्या टीव्हीवर बारा-तेरा सेकंद उशिरा दिसत होतं. काका फोन कानाला लावून उभे होते. पलीकडचं त्यांना लगेच ऐकू येत होतं, आम्हाला मागाहून. त्यामुळे त्यांची उत्तरं आम्ही आधी ऐकली आणि प्रश्न नंतर.

"येस. डॉक्टर देवपुजारी बोलतोय," काका म्हणाले. टीव्हीवर थ्रॅशर अजून पँट खाली ओढत होता. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "हो. पाहिला होता."

मी मनातल्या मनात 'नाही, नाही' म्हणत होते.

"मी खोलीत आलो तेव्हा फिल्म लाइटबॉक्सवर होती. त्यांनी लगेच काढली, पण मी पाहिली. हाड मोडलंय हे मला स्पष्ट दिसलं. तू मला विचारलंस, डॉक, सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, यू विल नॉट फील अ थिंग." काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते खोटं नव्हतं. म्हणूनच मी तसं म्हणालो."

तेवढ्यात टीव्हीवर थ्रॅशरने मान वर केली. "डॉक? खरंच तू? मला एकच सांग, तू एक्स-रे पाहिला होतास?" चेहऱ्यावर थोडं हसू होतं. त्याला वाटत होतं, उत्तर 'नाही' येईल. आम्हाला उत्तर माहीत होतं, पडद्यावरच्या त्याला अजून नव्हतं. मग टीव्हीतून काकांचा आवाज आला, "हो. पाहिला होता," आणि ते हसू आमच्या डोळ्यांदेखत मावळलं. मला टीव्ही बंद करावासा वाटला. रिमोट कुणाकडे होता देव जाणे.

"का, असं विचारतोयस ना," इकडे काका बोलत होते. "मला कुणी धमकावलं नाही. नोकरी गेली नसती. पैशांसाठीही नाही. त्या खोलीत तुम्ही सगळे मला 'डॉक' म्हणून हाक मारायचे. बाकी कुठेच मला कुणी ओळखत नव्हतं. पुढच्या रविवारी मला परत यायचं होतं." त्यांनी कोटाच्या खिशातलं कार्ड बाहेर काढलं, त्याकडे बघितलं आणि पालथं करून टीपॉयवर ठेवलं. "लामॉन्ट, डॉक्टर पेशंटला पहिली जी गोष्ट विचारतो, ती मी तुला तेव्हा विचारली नाही. आज विचारू का? दुखतं का रे?"

हे ते इंग्रजीतच बोलले. पण माझ्या मुलीला ताप असताना ते ज्या आवाजात विचारायचे, त्याच आवाजात. काकूंनी पदर तोंडाला लावला.

काका ऐकत होते. टीव्हीवर अजून मागचंच चाललेलं, थ्रॅशर 'का?' म्हणून ओरडत होता आणि टेबलावर मूठ आपटत होता. इकडे काकांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी एक हात मागे नेऊन सोफा चाचपला आणि ते खाली बसले. आम्ही बावीस माणसं पडद्याकडे डोळे लावून उभी होतो. बारा सेकंद इतके लांब असतात, हे मला माहीत नव्हतं.

मग थ्रॅशरचा आवाज आला. पहिल्यांदाच खालच्या पट्टीतला.

"रोज दुखतं, डॉक. जो पाय नाही, तोच दुखतो. बोटं आत वळतात, हाड मोडल्याचं कळतं, त्या दिवशी जे कळायचं राहिलं ते सगळं आता कळतं. आता तू सुई कुठे टोचशील?"

हे आमच्यापर्यंत पोचलं तोवर पलीकडून फोन बंद झालेला होता. काकांनी तो तरीही कानाला धरून ठेवला होता आणि रेखाकाकू शेजारी बसून त्यांची बोटं एकेक करून सोडवत होत्या.