उभं राहायचं काम

माझी आई काय करते असं कुणी विचारलं, तर मी सांगते, ती उभी राहते. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. थोडी करतेच, पण त्यात खोटं काही नाही. बाबा जुने रोलचे कॅमेरे दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, मध्ये लांबलचक बोळ. त्या बोळाच्या टोकाला, कपडे अडकवायच्या खुंट्यांपाशी, आई लग्न झाल्यापासून उभी आहे.

त्याचं कारण असं. ज्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं असतं, त्याला दोन भिंगं असतात. खालच्या भिंगातून फोटो निघतो. वरच्या भिंगातलं चित्र आतल्या तिरप्या आरशावरून वर उचललं जातं आणि दुधी काचेवर पडतं. दोन्ही भिंगांचं एकमत नसेल तर काचेवर सगळं लख्ख दिसतं आणि फोटो मात्र पुसट येतो. ते एकमत जुळवताना समोर काहीतरी लागतं. दुसरे कारागीर भिंतीवर छापील कागद डकवतात. बाबांना कागद चालत नाही. कागद सपाट, म्हणे. चेहऱ्यावर पापणी पुढे आणि कान मागे, स्क्रू जरासा जास्त फिरला तरी लगेच कळतं. म्हणून चेहरा आईचा. दूध गॅसवर ठेवून ती उभी राहिली आहे, अंगात ताप असताना राहिली आहे, मी पोटात असतानाही राहिली आहे. तिने मध्येच काही विचारलं की बाबा म्हणायचे, तोंड हलवू नकोस. घरात भांडण पेटलं की त्यांना हटकून एखादा कॅमेरा तपासायची आठवण व्हायची, हे मी लहानपणीच ओळखलं होतं.

अलीकडे आईच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. मी बाबांना कागदाचं सुचवून पाहिलं; त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. आई म्हणाली, "असू दे गं, सवय आहे." असं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

या वेळी माहेरी गेले तर दोघंही मुकाट. एका गिऱ्हाइकाचा कॅमेरा परत आला होता; फोटो पुसट. बाबांनी खापर आरशावर फोडलं. या आरशाचा पारा वरच्या बाजूला असतो, कुणी फडक्याने पुसला तरी कायमचा जातो. त्यांनी नवा आरसा कापून बसवला, दुधी काच धुतली. कॅमेरा गेला आणि पुन्हा परत आला. आजवर बाबांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता हा जमला नाही तर दुकानाची पाटी उतरवतो, असं जेवताना ते म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. मला भीती वाटली. दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर काय करणार?

दुपारी कॅमेरा तिपाईवर चढला आणि आई टोकाला गेली. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. बऱ्याच वेळाने ती हळूच आत आली, स्टुलावर टेकली आणि गुडघे चोळू लागली. ते स्क्रू शोधतायत, तेवढंच जरा बसते, म्हणाली.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "थोडी उजवीकडे सरक."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"हां, आता दिसतेस. अशीच राहा."

मी डोकावले. बाबा काचेवर वाकलेले. बोळाच्या टोकाला खुंटीवर आईचा राखाडी स्वेटर लटकत होता, त्याच्यावर तिचा स्कार्फ. मला आधी हसू आलं. पाठोपाठ राग आला. मी हाक मारणार, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. स्वेटरकडे बघून तिचा चेहरा पडला होता. ती उठली आणि टोकाला न जाता सरळ बाबांकडे गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले. तिच्याकडे बघितलं, मग डोळे बारीक करून बोळाच्या टोकाकडे बघितलं.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"हिवाळ्यापासून असेल," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, हल्ली सगळ्यांचे आरसेच खराब येतात."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ते नंतर ठरलं. त्या दुपारी आई एवढंच म्हणाली की तुम्ही उठा, मी बघते. ती त्यांच्या स्टुलावर बसली, चष्मा लावला. बाबा भिंतीला हात लावत टोकाला गेले. कुठला स्क्रू, कुठल्या बाजूला, हे ते तिथून सांगत होते आणि काय दिसतंय ते ती सांगत होती. कान पुसट, पापण्या जवळजवळ आल्या. मग तिचा हात थांबला. मला वाटलं स्क्रू निसटला.

"किती थकलात हो तुम्ही," ती म्हणाली.

बाबा आवाजाच्या रोखाने बघत राहिले. "तूही थकली असशील," ते म्हणाले. "मी कधी बघितलंच नाही."

आईने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा काचेवर वाकली, कारण काम अजून व्हायचं होतं.