एका शब्दाची यादी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, दोन नंबरच्या खोलीत, एक्स-रे काढणाऱ्या फोटोकाकांची एकतीस वर्षं लोकांची हाडं बघण्यात गेली होती. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. पण एक्स-रेतला खुबा दाखवला तर माणूस कुणाचा कोण, ते सांगत. फोटो काढायचा, मत द्यायचं नाही, हा खात्याचा नियम त्यांनी कसोशीने पाळला होता. तसंही त्यांना मत विचारतंय कोण.

लहान मुलं मात्र त्यांच्याकडेच धाडली जात. दटावून मूल स्थिर राहत नाही, हे काकांना घरी दोन मुली वाढवताना कळून चुकलं होतं. त्यांची युक्ती एकच. मुलाला टेबलावर झोपवायचं आणि म्हणायचं, "काल सकाळपासून काय काय खाल्लं, ओळीने सांग. काही गाळायचं नाही." आठवण्याच्या नादात मूल पाय हलवायचं विसरतं. यादी संपेस्तोवर फोटो निघालेला असतो.

त्या सकाळी व्हीलचेअरवरून एक सहा वर्षांची मुलगी आली. तीन आठवडे तिने पाऊल टाकलं नव्हतं. मुरगळला म्हणून पाय प्लास्टरमध्ये घालून झाला होता, संधिवाताच्या गोळ्या झाल्या होत्या, 'नाटकं करते' हे आजीचं निदानही झालं होतं. आता रक्त कमी, अंगावर काळेनिळे डाग. म्हणून उद्या हाडात सुई घालून तपासणी होती. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आईने तो डॉक्टरांच्या गप्प बसण्यातून ऐकला होता.

"हं, सांग."

"टोस्ट."

"मग?"

"टोस्ट. दूध."

"आणि?"

"झालं."

काकांचं अजून मशीनही सरळ झालं नव्हतं. "बरं, परवा?"

"तेच," मुलगी म्हणाली. हा माणूस जरा मंद दिसतो, अशा सुरात.

"काही नाही हो, सगळं खाते ती," आई घाईने म्हणाली.

"आई खोटं बोलते. मला संत्र्याच्या वासाने उलटी होते."

बोलताना तिच्या हिरड्या दिसल्या. सुजलेल्या, जांभळट, दातांच्या कडेला रक्त. काकांनी फोटो काढला. पडद्यावर गुडघ्याजवळ, हाडाच्या टोकाला, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ होती. ही रेघ त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, शिकत असताना, पुस्तकात. 'हे आता कुणाला होत नाही, सोडून द्या,' असं मास्तर म्हणाले होते, आणि वर्गाने आनंदाने सोडून दिलं होतं.

"ताई, वरच्या डॉक्टरांना काय सांगितलंत?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "सगळं खाते म्हणून. सासूबाई म्हणतात, आईलाच वळण लावता येत नाही. दोन वर्षं झाली, दुसरं काही तोंडात घालत नाही. किती जणांपुढे सांगू?"

"इथे हाडं दिसतात. वळण दिसायचं मशीन आमच्याकडे नाही. आता विचारलं की टोस्ट म्हणा."

मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा काका खोलीला कुलूप लावून, स्वतः व्हीलचेअर ढकलत वर गेले.

डॉक्टरीणबाई त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. "स्कर्व्ही? काका, तो खलाशांचा आजार, फळं-भाज्या न मिळून होणारा. आपण काय जहाजावर आहोत?"

"तुम्ही नाही. ही आहे. दोन वर्षं टोस्टवर."

"काय हो, खरं?" बाईंनी आईकडे पाहिलं.

"टोस्ट," आई म्हणाली, आणि रडली.

बाईंनी हिरड्या पाहिल्या, पायावर केसांच्या मुळाशी उमटलेले लाल ठिपके पाहिले, रेघ पाहिली.  रक्त क जीवनसत्त्वाच्या तपासणीला गेलं, अहवालाची वाट न बघता औषध सुरू झालं. सुई आठवडाभर पुढे ढकलली.

ते दिवस काकांनी नेहमीसारखेच काढले, फक्त रोज तीनदा वर चक्कर मारून.

सहाव्या दिवशी दोन नंबरच्या दारात मुलगी उभी होती. चौकट घट्ट धरून, पण स्वतःच्या पायांवर. मागे आई.

"सुई नाही आता," आई म्हणाली. "तुम्हाला यादी सांगायचीय म्हणते."

"टोस्ट," मुलीने सुरुवात केली. "दूध. औषध. पेरूची फोड." ती थांबली. "ती मी थुंकून टाकली. यादीत धरायची?"

"धरायची," काका म्हणाले.