जेवली का वं?

"जेवली का वं?" मोबाईल कानाला लावून मावशी विचारायच्या. पलीकडे त्यांची लेक नसायची, सूनही नसायची. पलीकडे असायची कामठ्याच्या शिवारातली त्यांच्या बोअरची मोटर.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो, आणि मोटरीला तो मोबाईल स्टार्टर बसवणारा मीच. कुडव्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे; मावशी माझ्या गिऱ्हाईक. घरून फोन लावला की वावरातली मोटर सुरू होते आणि स्टार्टरमधली बाई गोड आवाजात सांगते, "मोटर चालू हो गई है." पण एवढ्यावर फोन ठेवला तर त्या मावशी कसल्या?

"मावशी, मशीन हाये ना ते," मी एकदा म्हटलं.

"मालूम हाये मले. पन ते बोलून रायली ना? मंग आपन मुक्यावानी काऊन रायचं?"



नवरा गेल्यावर वावर मावशींनीच सांभाळलं होतं. पण गुडघ्यानं दगा दिला. विजेची लाइन कधी यायची याचा नेम नाही, आणि ती आली की मोटर सुरू करायला निसरड्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायचं. त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर, शेजारीच राहायचे. वावर आता आपल्याला ठेक्यानं द्यावं, असं त्यांनी लावून धरलं होतं. मावशींना ते मरणाहून नकोसं होतं.

त्यात आमच्याकडची रीत अशी की भासऱ्यानं आणि भावसुनेनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, एकमेकांशी थेट बोलायचं नाही. एकाच अंगणात दोघांचं अर्धं आयुष्य गेलं, पण एका शब्दाची देवाणघेवाण नाही. मी स्टार्टर घेऊन गेलो त्या दिवशी आयताच मधे सापडलो.

"सांगा त्यायले," पदर पुढं ओढत मावशी मला म्हणाल्या, "यंदाचा उन्हाळी धान मी घरी बसून पानी देऊन पिकवतो. वाळला, त वावर त्यायचं."

भासरे हाताच्या अंतरावर उभे. सगळं ऐकलेलं. तरी मी सांगितलं.

"सांग तिले," ते म्हणाले, "फोनानं धान पिकत नाई."

मावशींनीही ते ऐकलं होतं. तेही मी सांगितलं.

त्या उन्हाळ्यात मोबाईल त्यांच्या हातातून सुटला नाही. लाइन आली की स्टार्टरचा फोन यायचा, मग त्या उलट फोन लावून मोटर सुरू करायच्या. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी असंच "जेवली का वं?" विचारलं. घरी कुणी पोर उपाशी बसली आहे असं समजून वाढप्यानं भरलेली पत्रावळ बांधून दिली. मोटरीच्या वाट्याची ती बुंदी दुसऱ्या दिवशी मी खाल्ली.

धान निसवायला लागला, लोंब्या डोकावू लागल्या आणि नेमकी मोटर मुकी झाली. दुकानात मावशींचा फोन.

"भाऊ, पोरगी रुसली! ओळखच देऊन नाई रायली!"

खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. बाजारात कुणी फुकट बोलायची स्कीम दिली म्हणून मावशींनी नवं सिम घेतलं होतं आणि जुनं चोरखमारा गावातल्या बहिणीला देऊन टाकलं होतं. स्टार्टर तर नोंदवलेल्या नंबरचंच ऐकतो. मी दूर एका कामावर अडकलो होतो. उद्या येतो म्हटलं.

"उद्यालोक धानाच्या बांधीले भेगा पडतीन. भासरे धुऱ्यावर उभे राहून पाहूनच रायले."

मग मावशींनी माझी वाट पाहिलीच नाही. त्यांनी बहिणीला फोन लावला, "तू लाव वं फोन, माह्या मोटरीले." बहिणीनं चोरखमाऱ्यात चुलीपुढं बसून बटण दाबलं आणि कामठ्यात पाणी उसळलं. मोटर बंदच पडली असं धरून बसलेले भासरे दचकले. मोटरीजवळ कुणी नव्हतं, तरी त्यांनी झुडपामागं जाऊन पाहून घेतलं, असं मावशी पुढं किती दिवस सांगायच्या.

पीक छान आलं. मळणीनंतर भासरे स्वतः माझ्या दुकानात आले.

"माह्या मोटरीले पन लावून दे." मग बराच वेळ पाने-पकडी न्याहाळत राहिले. "आन तिले सांग, धान चांगला झाला."

"तुमीच सांगा ना."

"असं कसं?" ते खरोखरच घाबरले.

मी निरोप पोचवला. मावशी पदरात तोंड लपवून पोरीसारख्या हसल्या.

शेवटच्या हंगामापर्यंत वावर त्यांच्याच हातात राहिलं. गेल्या तेही धान घरात आल्यावर. मला त्यांची फार आठवण येते. फोन ठेवण्याआधी समोरच्याला जेवलास का विचारायची सवय मला त्यांच्यामुळेच लागली.

आता ते वावर भासरे पाहतात. त्यांचा नंबर मावशींच्या स्टार्टरमध्ये टाकायला मी गेलो होतो. त्यांनी फोन लावून पाहिला. पाणी आलं. "मोटर चालू हो गई है," बाई म्हणाली. काम झालं म्हणून मी पिशवी आवरायला घेतली.

भासऱ्यांनी मात्र फोन ठेवला नव्हता. माझ्याकडं पाठ करून, टोपी सारखी करत ते हळूच म्हणाले, "जेवली का वं?"