वर्गणी न मागणारा खजिनदार

सुधाकर राऊत पैसे खाणार नाही, एवढ्या एका खात्रीवर आम्ही त्याला नवतारा क्लबचा खजिनदार केला. ठरावाच्या बाजूने सगळे हात वर गेले. खुद्द सुधाकरचाही गेला, कारण सगळ्यांचे हात वर असताना आपलाच तेवढा खाली ठेवणं त्याला बरं दिसेना.

माणिकपूर मागे टाकून रिक्षा वाड्यांमध्ये शिरली की आमचं गाव लागतं. अर्धं हिंदू, अर्धं ख्रिस्ती आणि रविवारी संध्याकाळी सगळंच्या सगळं फुटबॉलचं. सुधाकरची केळीची आणि मोगऱ्याची वाडी आहे. शिवाय त्याने सगळी नोकरी पतपेढीत काढली; पण ती पैसे देण्याच्या खिडकीवर. वसुलीचं खातं वरच्या मजल्यावर होतं आणि तो जिना सुधाकर कधी चढला नाही. हे आमच्या आधी लक्षात यायला हवं होतं.

खजिनदाराचं काम तसं साधं. घरोघर फिरून वर्गणी गोळा करायची आणि त्यातून लीगची मैदान-रेफरीची फी वेळेवर भरायची. फी थकली तर लीग संघाचे पॉइंट कापते. हे नियमात छापलेलं होतं. नियम वाचायचं कामही आम्ही खजिनदारावरच टाकलं होतं.

पण सुधाकरचा स्वतःचाही एक नियम होता. माणसाच्या घरी सण, सुतक किंवा ओढाताण असताना पैशाची गोष्ट काढायची नाही. नियम सुरेख आहे. फक्त तो आमच्या गावात चालत नाही. श्रावण, गणपती, पितृपक्ष, दिवाळी हे एका अर्ध्या गावाचं. ते आटपेतो दुसऱ्या अर्ध्याची नाताळसाठी रंगरंगोटी सुरू. मग दोन्हीकडची लग्नं. मग उपवासकाळ. मटणसुद्धा सोडून बसलेल्या माणसाकडे वर्गणी कुठल्या तोंडाने मागायची? ईस्टर होतो न होतो तोच शाळेच्या फिया आणि पाऊस लागला की फुलांचा भाव पडलेला. झालं वर्ष.

तरी एखादा मोकळा मंगळवार सापडायचा. अशाच एका मंगळवारी तो मटिल्डाबाईंकडे गेला. त्यांचे तिन्ही मुलगे नवतारात खेळून मोठे झालेले.

"ये रे सुधाकर, बस. काय काम काढलंस?"

"काम कसलं? सहज आलो."

'सहज' म्हटल्यावर चहा आला, केक आला आणि पाठोपाठ चर्चच्या सणाच्या सोडतीची तिकिटं आली. "पाच घे, सगळं गाव घेतंय," मटिल्डाबाई म्हणाल्या. सुधाकरने पाच घेतली.

घरी आशालतावहिनी उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"मिळाली वर्गणी?"

"तिकिटं मिळाली."

"बक्षीस काय आहे?"

"मिक्सर."

"लागला तर क्लबला देऊन टाका. अकरा पोरांची चटणी तरी वाटता येईल."

इतकी वर्षं फी भरली जात होती ती सुधाकरच्या खिशातून. केळीचे घड माणिकपूरच्या बाजारात जात आणि पैसे लीगच्या ऑफिसात. हे आशालतावहिनींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. यंदा मात्र वाडीतला पंप जळला, अर्धी केळी उभी वाळली आणि खिसा संपला. कमिटीच्या बैठकीत अध्यक्ष सिप्रियनने विचारलं, "सुधाकर, फीचं काय?" तो म्हणाला, "होतंय." सुधाकर 'होतंय' म्हणाला म्हणजे झालंच असं समजून आम्ही समोसे मागवले. समोशांचे पैसेही त्यानेच दिले.

हंगामाच्या शेवटच्या गुरुवारी लीगचे सेक्रेटरी देवेंद्र यांचा फोन आला.

"सुधाकरराव, किती वेळा आठवण केली तुम्हाला. तुमचे तीन पॉइंट कापले."

"अहो, रविवारी शेवटची मॅच आहे. ड्रॉ झाली तरी पोरं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये राहतात."

"राहत होती. आता जिंकली तरी पुरत नाही. मला बरं वाटत नाही हो हे सांगताना. पण पोरांना तुम्ही सांगा, बाहेरून कळायला नको."

सुधाकर 'हो' म्हणाला. नाही म्हणणंही त्याला कधी जमलेलं नाही.

शुक्रवारी तो सांगायलाच मैदानावर गेला. कॅप्टन सॅन्टन पोरांना गोल बसवून सांगत होता, "एक पॉइंट! फक्त एक! जीव गेला तरी गोल खायचा नाही." गोलकीपर विघ्नेश मनवेलपाड्याहून येतो. मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. रविवारसाठी त्याने पगार कापून रजा घेतली होती. सुधाकरला बघून पोरं उठून उभी राहिली. "बोला काका!"

काकांनी घसा साफ केला. "चांगलं खेळा," म्हणाले आणि सोबत आणलेली केळी वाटली.

आणि पोरं चांगली खेळली, हीच तर पंचाईत. एवढं मन लावून ती वर्षभरात खेळली नव्हती. एक-एक अशी बरोबरी होती आणि अगदी शेवटी समोरच्याने जवळून मारलेला चेंडू विघ्नेशने थेट नाकावर घेतला. शिट्टी झाली आणि गाव मैदानात घुसलं. गावातल्या रोनाल्डच्या बँडने सूर धरला. कोणाला तरी खांद्यावर घ्यायला हवं होतं. सिप्रियनचं वजन सगळ्यांना माहीत असल्यामुळे पोरांनी सुधाकरला उचललं.

"मला खाली ठेवा रे."

"आज नाही काका!"

"अरे, ऐका... आपण..."

ढोलापुढे काही ऐकू जाईना. पोरं नाचत होती आणि त्यांच्यावर सुधाकर, पोळ्याला सजवलेल्या बैलासारखा दीनवाणा, हलत होता. कडेला खुर्चीत बसलेल्या आशालतावहिनींनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. त्या उठल्या, शांतपणे रोनाल्डपाशी गेल्या आणि त्याच्या ट्रम्पेटच्या तोंडावर तळहात ठेवला. ट्रम्पेट गप्प झालं. मागोमाग ढोलही थांबला.

शरमेची गोष्ट माणूस मान खाली घालून, भिंतीच्या आडोशाला सांगतो. सुधाकरला ती सगळ्या गावाच्या डोक्यावर बसून सांगावी लागली.

"आपण खाली गेलो, पोरांनो. मी फी भरली नाही. गुरुवारीच तीन पॉइंट कापले."

पोरांनी त्याला खाली ठेवलं, आणि ते इतकं सांभाळून ठेवलं, की आपटलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं असणार.

"गुरुवारी?" सॅन्टन म्हणाला. "आणि शुक्रवारी तुम्ही आम्हाला केळी खायला घातलीत?"

"हो."

विघ्नेशचं नाक तोवर सुजून कोनफळासारखं झालं होतं. त्याने नाकाला हात लावला. "म्हणजे काका, हे उगाच?"

एरवी अशा वाक्यावर आमचं गाव आठवडाभर हसलं असतं.

"इतकी वर्षं फी यांच्याच खिशातून जात होती, यंदा पंप जळला," आशालतावहिनी म्हणाल्या.

"पैसे नव्हते तर मागायचे ना!" सॅन्टनचा आवाज चढला. "आमचा डॅडी काय म्हणतो घरी? सुधाकरकाका कधी मागत नाहीत, म्हणजे क्लबकडे गडगंज असणार. सगळ्यांचे डॅडी हेच म्हणतात!"

सॅन्टनचे डॅडी तिथेच होते. ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या पायात चपला होत्या. आम्ही बाकीचे त्यांना हसू शकलो नाही; आम्ही आपापल्या पायांकडेच बघत होतो. चहा-केकच्या बदल्यात आम्ही या माणसाच्या वाडीवर एक अख्खा फुटबॉल संघ पोसून घेतला होता आणि वर त्याला चांगला म्हणत होतो.

"मी राजीनामा देतो," सुधाकर म्हणाला.

"नंतर द्या," आशालतावहिनी म्हणाल्या. "आधी उभे राहा नीट."

गर्दी पांगायला लागली. पोरं पिशव्या भरू लागली. विघ्नेश रुमालाने नाक दाबत सुधाकरपाशी आला. हा आता काय बोलतो म्हणून सुधाकरने खांदे आवळले.

"काका, स्टेशनपर्यंत रिक्षाला सुट्टे द्या ना. माझ्याकडे पाचशेची नोट आहे, रिक्षावाला कटकट करतो."

बस, एवढंच. ना घसा साफ केला, ना तब्येत विचारली. सुधाकरने खिशातले होते तेवढे सुट्टे त्याच्या हातावर ठेवले आणि तो गेला त्या दिशेने बघत राहिला. ज्याने नुकसान केलं, त्याच्याकडेच पोराने सरळ मागितलं होतं आणि त्यात कोणीही लहान झालं नव्हतं.

सिप्रियन खुर्च्या गोळा करत होता. सुधाकर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"सिप्रियन, तुझी तीन वर्षांची वर्गणी राहिलीय."

सिप्रियनने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि मागच्या खिशातून पाकीट काढलं. एक वाक्य होतं. ते बोलायला उंबऱ्यावरून आत जाण्याइतकाही वेळ लागला नव्हता. सुधाकरने हात पुढे केला, पण त्याला वर बघवेना. समोरच्या फळ्यावर पोरांनी खडूने लिहिलेला एक-एकचा स्कोअर अजून कोणी पुसला नव्हता.