मेस ओस पाडणारी कडक भाकरी

धाराशिवला कॉलेजात चार वर्षं काय शिकलीस असं कुणी विचारलं, तर मी सांगते, विज्ञान शिकले आणि मेसवाल्या काकूंची जिरवायला शिकले. त्यातलं विज्ञान आता फारसं आठवत नाही.

आमचं घर तामलवाडीकडं. धाराशिवला मी खोली घेतली होती, वरच्या मजल्यावर, आणि खाली काकूंची मेस. पहिले दोन-चार दिवस काकू गोड बोलल्या. मग एकदा वाढता वाढता त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या ताटात पोळी वरून पडायला लागली. त्यांचा हात खाली यायचाच नाही.

आई दर आठवड्याला एसटीनं डबा पाठवायची. कंडक्टर ओळखीचा होता. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. आमच्याकडची ही ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापतात, तव्यावर फडक्यानं दाबून दाबून पार कडक करतात, ती आठवडेच्या आठवडे टिकते. मेसमध्ये पोट भरलं नाही की मी त्यावर भागवायची.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर एक प्रॅक्टिकल लांबलं. मेसमध्ये पोचले तर सगळ्या पोरी जेवून गेलेल्या. काकूंनी आतून वेगळंच पातेलं आणलं आणि भात वाढला. वास आंबूस होता. मी म्हटलं, "काकू, भात आंबलाय का?"

"खायचं तर खा. घरी काय पंचपक्वान्नं खात होतीस?"

भूक लागली होती, खाल्ला. संध्याकाळपर्यंत उलट्या, जुलाब, मग दवाखाना आणि सलाईन. पेपर बुडाले. वर्ष गेलं. डॉक्टर वर आणखी म्हणाले, अंगात रक्त नाही, असं खाऊन कसं चालेल?

आबा, माझे वडील, गावाकडून धावत आले. तेवढ्यात काकू शहाळं घेऊन दवाखान्यात हजर! पदर सावरून आबांना म्हणाल्या, "दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण ते तुमच्या घरून येतं ना, आठवडा आठवडा शिळं, त्यानंच झालंय हे. तुमच्या लोकांत चालत असेल. आम्ही नाही बाई असलं ठेवत."

आणि आमच्या आबांनी हात जोडले. "व्हय ताई, चुकलंच आमचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून शब्द निघत नव्हता, एवढी ताकद गेलेली. आबांनी माझ्या खोलीवरचा आईचा डबा दवाखान्यामागं आणून रिकामा केला आणि घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईचा फोन आला तो रडतच. "म्याच घातलं गं लेकरा तुझ्या पोटात विख."

मी शंभरदा सांगितलं, आई, भात होता तो, आंबलेला. तिचं एकच, "त्या कशाला खोटं बोलतील? शहरातल्या बाई हायत." डबा बंद झाला. घरातसुद्धा तिनं चटणी कुटायची सोडली. थोरली बहीण सांगायची, आईनं उखळ पालथं घालून ठेवलंय. आबांनी मला बजावलं, आता एकदा जरी आजारी पडलीस तर बिस्तरा गुंडाळायचा, स्थळं बघायला लागू. कॉलेज जाईल याची भीती वाटत होतीच, पण आईचं ते पालथं उखळ मला जास्त टोचायचं. काकूंच्या तोंडून ऐकल्याशिवाय आईला पटणार नव्हतं. मी ठरवलं, त्याच तोंडातून वदवून घेईन.

दवाखान्यातून आले त्याच दिवशी घरी कळू न देता मेस सोडली. छोटा गॅस आणला, तवा आणला. रविवार म्हणजे माझा आठवड्याचा स्वयंपाक. सकाळी दाणे मंद आचेवर भाजायचे, गार करायचे, लसूण वेगळा भाजायचा, मग खलबत्त्यात चटणी कुटायची. दुपारी भाकऱ्या. हुलगे, म्हणजे कुळीथ, भाजून दळून आणलेले असायचे, ते पीठ गरम पाण्यात कालवलं की कॉलेजला पळायच्या आधी वाटीभर माडगं तयार. फ्रीज कुठला आलाय! पण मटकीचं गणित बसवलं होतं. आजची मूठभर पाण्यात, कालची फडक्यात, परवाची मोड आलेली ताटात. सोबत काकडी नाहीतर कांद्याची पात. येता-जाता रस्त्यावरचा वडापाव खुणावायचा, मी बघायचीसुद्धा नाही.

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली. घाई घाईत भाकऱ्या कोमट असतानाच डब्यात भरल्या आणि झाकण लावलं. दोन दिवसांनी उघडते तर बुरशी! आईला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर "नको गं बाई करू ते" म्हणून पुन्हा रडली असती. सगळ्या फेकल्या, डबा उन्हात टाकला आणि डोळे मिटून आई काय काय करायची ते आठवत बसले. ती भाकऱ्या चुलीजवळ उभ्या करून ठेवायची, पार गार होऊन खणखण वाजेपर्यंत. पुढच्या रविवारी मीही तसंच केलं.

मग मी एक काम मुद्दाम करायला लागले. मेसच्या जेवणाच्या वेळी वरच्या गॅलरीत ताट घेऊन बसायचं आणि भाकरी मोडायची. कडाम! खाली काकू वर बघायच्या. मी छान हसायची. "या काकू जेवायला!"

शेजारच्या खोलीतल्या पोरी आधी वासानं आल्या. मग चव घ्यायला आल्या. मग परातीला परात लावून बसायलाच लागल्या. मी कुणालाही नाही म्हटलं नाही. मला काय त्यांची सेवा करायची हौस नव्हती, मला खालची बाकडी रिकामी करायची होती. एकेक पोरगी मेस सोडायची तेव्हा मला जेवण जास्त गोड लागायचं. देवा शप्पथ, तेव्हा कुणी म्हणालं असतं सूड वाईट, तर त्याच्या पुढ्यात आधी परात ठेवली असती आणि म्हटलं असतं, बस, थाप. वर्षभरात मी एकदाही आजारी पडले नाही. चेहरा तर असा भरला, की आबा म्हणाले, मेसचं मानवलं वाटतं तुला. मी नुसते दात-ओठ खाल्ले.

शेवटी एका रविवारी दुपारी काकू जिना चढून वर आल्या. दारात उभ्या राहून तव्याकडं बघत होत्या. "पोरी मेसमध्येच मागतात गं तुझ्यासारखी भाकरी-चटणी. मी करून बघितली, चार दिवसांत खवट होते चटणी, आणि भाकरीला बुरा येतो. कुणी शिकवलं तुला?"

ह्याच क्षणाची वाट बघत होते मी. "आईनं. थांबा, तिलाच विचारा." फोन लावला, आवाज मोठा केला. "आई, मेसवाल्या काकू आल्यात. तुझी चटणी कशी टिकते विचारतायत."

आई दबक्या आवाजात सांगायला लागली, "दाणं गार झाल्याबिगर कुटायचं न्हाय बघा, ताई. लसणात वल राहू द्यायची न्हाय. अन् वला हात बरणीत घालायचा न्हाय. लई दिस टिकती मग."

मी म्हटलं, "काकू, टिकते म्हणते आई. तुम्ही तर दवाखान्यात म्हणाला होता, त्यानंच मी आजारी पडले. मग त्या दिवशी माझ्या पोटात काय गेलं होतं?"

"जाऊ दे की गं, आता कशाला ते?" आई फोनवरून म्हणाली.

"नाही जाऊ देणार. सांगा काकू."

काकूंनी पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला. खाली बघत म्हणाल्या, "भात आदल्या दिवशीचा होता. एवढं पातेलं टाकवलं नाही गं मला."

फोनमधून आईचं एवढंच ऐकू आलं, "म्हंजी म्या न्हाय घातलं." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

काकू फोनकडं वाकल्या. "ताई, रडू नका हो..."

मी फोन बंद केला. माझ्या आईचं रडणं ऐकायचा त्यांना काही एक अधिकार नव्हता.

त्या तशाच दारात उभ्या. तव्याकडं बोट करून म्हणाल्या, "भाकरीचं राहिलंच की गं. ती कशी ठेवायची?"

"राहू द्या," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.