एक्क्याण्णवांतली बारा पानं

रविवार, १२ मे १९७४. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. माझ्या हातात तेरा पानं होती आणि माझ्या नावावर शहात्तर गुण. रमीत गुण वाढणं म्हणजे हरणं. आमच्या क्लबात १०१ झाले की खेळाडू बाद. समोर आमच्या साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर अण्णासाहेब बसले होते. त्यांचे एक्याऐंशी. बाकी सगळे बाद झाले होते.

पणाला लागली होती एक खोली. गोदामामागची, दहा बाय बाराची, रिकामी. मी लॅबमधली केमिस्ट, सांगलीला बी.एस्सी. करून आलेली, लॅबमधली पहिली मुलगी. आमच्याकडे नवा अ‍ॅनालिटिकल बॅलन्स आला होता. हा काटा ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवतो. शेजारून कोणी धपधप चालत गेलं तरी थरथरतो. गाळप चालू असताना ऊस पिळणाऱ्या मिल हाउसच्या हादऱ्यांत त्याच्यावर अचूक वजन घेणं अशक्य होतं. म्हणून मला त्याच्यासाठी वेगळी खोली हवी होती. अण्णासाहेबांना तीच खोली बेअरिंग ठेवायला हवी होती. दोन महिने कागद फिरले. शेवटी एम.डी. साहेब वैतागले.

"हंगाम संपला की स्टाफ क्लबात रमीची टूर्नामेंट असतेच. जिंकेल त्या विभागाची खोली. पुन्हा माझ्याकडे कागद आणू नका."

लॅबचे बाकीचे तिघे पहिल्याच फेरीत बाद झाले. उरले मी.

पहिलं पान उचलण्याआधी डाव सोडता येतो. त्याला ड्रॉप म्हणतात आणि त्याचे वीस गुण लागतात. मी सोडला असता तर शहाण्णव झाले असते: खेळात शिल्लक, पण पुढे सोडायची सोय नाही. अण्णासाहेबांना तर आत्ताच ती सोय नव्हती.

माझी दहा पानं लागलेली होती. उरली चौकटची राणी, चौकटचा राजा आणि किलवरची पंजी. चौकटचा गुलाम, चौकटचा एक्का किंवा कुठलाही जोकर आला की डाव माझा. त्याआधी अण्णासाहेबांचा डाव लागला, तर या तीन पानांचे पंचवीस गुण मला. शहात्तर अधिक पंचवीस म्हणजे बरोबर एकशेएक. मी मनात मोजलं. न दिसलेली पानं एक्क्याण्णव, त्यांतली उपयोगाची बारा. पाच वेळा पान ओढायला मिळालं, तर निम्म्याहून किंचित जास्त आशा.

"सोडून द्या," मागे उभे असलेले आमचे चीफ केमिस्ट म्हणाले. "आणखी एक डाव तरी मिळेल."

"सर, पुढच्या डावात इतका चांगला हात येईल, याची खात्री द्याल?"

"खात्री कशी देऊ?"

"मग खेळते."

चार वेळा ओढलं. चारही पानं फुकट गेली. अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडू लागला होता.

त्यांची तीस वर्षं मिल हाउसमध्ये गेली होती. तिथे रोलर फिरत असताना शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळे त्यांचं कुजबुजणं आणि इतरांचं ओरडणं यांत फारसा फरक उरला नव्हता. ते मागे वळले आणि फिटर रसूलभाईंच्या कानाशी लागून कुजबुजले,

"रसूल, दोन गुलाम हायत! तिसरा आला की खेळ खलास!"

क्लब हसून लोटपोट झाला.

"अण्णा, हळू की वं!" रसूलभाईंनी कपाळाला हात लावला.

"हळूच बोललो की!"

गुपचूप फायदा घेणं मला बरं वाटेना. "अण्णासाहेब, मला ऐकू आलं."

"आलं तर येऊ द्या, बाई! गुलाम काय तुमच्या कानात हाय व्हय? ओढा पान!"

मी ओढलं. किलवरची अठ्ठी. आता राजा टाकला, तर हरूनही नव्याण्णववर टिकले असते. पण जिंकण्याची आशा जवळजवळ संपली असती. अठ्ठी टाकली, तर आशा कायम. पण हरले की बाद.

त्यांच्या कुजबुजीवर मी पुन्हा विचार केला. चौकटचा गुलाम कदाचित त्यांच्याकडेच अडकलेला, तो वजा. जोकर त्यांना मिळाला तर मी संपले. पण एक्का? त्यांना एक्क्याचा काहीच उपयोग नव्हता. हाती आला तर ते टाकणारच, आणि त्यांनी टाकलेलं पान मला उचलता येतं. म्हणजे माझा एक्का आता आम्ही दोघेही शोधत होतो.

मी अठ्ठी टाकली.

अण्णासाहेबांनी पान ओढलं, पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याचं काय लोणचं घालू?" त्यांनी पान टेबलावर आपटलं. चौकटचा एक्का.

मी तो उचलला, पंजी पालथी ठेवली आणि हात उघडून मांडला. त्यांचे दोन गुलाम उरले. वीस गुण. एक्याऐंशी अधिक वीस.

 अण्णासाहेब छप्पर हादरेल असे हसले. "आपल्याच तोंडानं मेलो की रं, रसूल! घ्या बाई, खोली तुमची."

सोमवारी सकाळी आम्ही बॅलन्स नव्या खोलीत मांडला. काटा थरथरत होता. भिंतीपलीकडे वर्कशॉपचा लेथ चालू होता, आणि हंगामानंतरच्या दुरुस्तीत तो दिवसभर चालतो. मी खोली पाहायला दोनदा गेले होते. दोन्ही वेळा रविवारी.

"मला वाटलं, तुमास्नी म्हाईत असंल," दारात उभे राहून अण्णासाहेब म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "रसूल, बंद कर रं लेथ! रोज अकराला धा मिनिटं! बाईंचं वजन हाय!"

भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं आणि लेथ थांबला.

शक्यता मी एक्क्याण्णव पानांपर्यंत मोजली होती. जे जिंकायचं, ते कामाच्या दिवशी तपासलं नव्हतं. तेव्हापासून आधी तेच तपासते.

क्रुसिबल (तापवायची मूस), तिसरं वजन, अकरा वाजून आठ मिनिटं: १८.४२०६ ग्रॅम.