मामाच्या मुळावर आलेले दात

मोपाच्या विमानतळावर मी काउंटरला उभी असते. तिथे हसणं हा कामाचाच भाग, आणि मी हसताना तोंडावर हात धरते. साहेब एकदा थट्टेने म्हणाले, "लोकांना वाटेल, बाईंची दाढ दुखतेय." म्हणून तिशी उलटल्यावर वाकड्या दातांना तारा लावून घ्यायचं ठरवलं.

हात धरण्याचं खरं कारण साहेबांना कुठून कळणार! मला वरचे दात आधी आले होते. असं झालं की ते मामाच्या मुळावर येतं म्हणतात, म्हणून भटजींना बोलावून शांत करून घेतात. आईचा एकुलता एक भाऊ सावंतवाडीकडून येऊन मुळगावात आमच्याच घरी राहायचा आणि खाणीवरचा ट्रक चालवायचा. मी वर्षाचीही नव्हते तेव्हा त्याचा ट्रक उलटला आणि तो गेला. हे सगळं मला कळलं एका नातेवाइकाच्या लग्नात, पंगतीत. शेजारच्या पानावरची बाई दुसरीला हळूच म्हणाली, "हीच ती, मामाक खाल्लेली." आई समोर वाढत होती. तिने ऐकलं आणि ती पुढच्या पानाकडे गेली.

तेव्हापासून मामा माझ्या मागेच लागला. ओसरीवरच्या फोटोत तो हसायचा आणि मी समोरून तोंड मिटून जायची. दात घासताना आरशात वरची रांग दिसली की तो पाठीशी उभा आहे असं वाटायचं. आईने मला कधी शब्दाने दुखवलं नाही, पण मी खळखळून हसले की ती मान फिरवायची. तिलाही तसंच वाटतं का, एवढंच मला विचारायचं होतं. माझी छाती झाली नाही.

डिचोलीच्या दवाखान्यात ती सोबत आली, बाजारही करायचा होता म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीजवळच स्टुलावर बसवलं. प्लास्टिकचा चाप घालून माझे ओठ ताणून धरले, दात पावडरीने घासले, धुतले, वाऱ्याने सुकवले. मग एकेका दातावर निळं आम्ल लावलं. "गुळगुळीत दाताला काही चिकटत नाही, थोडा खरखरीत करावा लागतो," त्या म्हणाल्या. "आता थुंकी लागली तर पुन्हा पहिल्यापासून." आम्ल धुऊन दात सुकवल्यावर त्यांनी आरसा धरला. चमक गेली होती. पुढचे दात खडूसारखे पांढरेफटक दिसत होते.

आई उठून माझ्यावर वाकली. इतक्या जवळून तिने माझ्या तोंडात बघितल्याचं मला आठवत नाही.

"दात इले तेवा अशेच दिसलेले," ती म्हणाली. "पयले तुज्या मामानच बघितल्यान. तोंडात बोट घातल्यान नि तू चावलंस. केवढो हसलो! मी म्हटलंय, शांत करूया. तर म्हणता, खुळी काय तू, कोणाक सांगू नको. मी सांगूक नाय गो. तो गेल्यार सगळ्यांका कळला. तुजो काय दोष? शांत मी करूक नाय."

मला बोलायचं होतं. चाप होता, घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. डोळे भरून आले, थुंकी दातांवर आली. डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता सगळं धुतलं आणि पुन्हा आम्ल लावलं.

परतीच्या बसमध्ये तारा ओठांना टोचत होत्या. मी म्हटलं, "आये, दातांनी कोण मरत नाय."

"तू नाय मारलंस त्येका," ती म्हणाली. "मी मारलंय."

मी तिला समजावत राहिले. ट्रक जुना होता, उतार होता, पाऊस होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. ही समजूत ती स्वतःला कितीदा घालून बसली असेल, कोण जाणे. तो माझ्या मागे कधी नव्हताच. एवढी वर्षं तो तिच्यापाशी बसून होता. मला एकदम हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणाची इतकी शरम वाटली की घर येईपर्यंत मी तिच्याकडे बघू शकले नाही.